वाटपाच्या टेबलामागून

गेल्या वर्षीपासून मी कॉलेज सांभाळून एका फूड बँकेत शनिवारी जाते, आणि घरी आल्यावर डोक्यात जे फिरत राहतं ते कधीतरी लिहायचंच होतं. फूड बँक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दुकानांत न विकलेलं, कंपन्यांकडे जास्तीचं झालेलं, लोकांनी घरून आणून दिलेलं असं सगळं खाण्यालायक अन्न गोळा करायचं, तपासायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांना द्यायचं. पहिली फूड बँक १९६७ साली अमेरिकेत फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली, आता जगात कितीतरी ठिकाणी आहेत.

भूक चेहऱ्यावर दिसत नाही हो. रांगेत येतात त्यातली बरीच माणसं नोकरी करणारी असतात, कपडे इस्त्रीचे, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, पगार भाड्यात आणि औषधात जातो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हात आखडायचा तो कुठे, तर जेवणात, कारण भाडं अर्धं देता येत नाही पण जेवण अर्धं करता येतं. आई आधी स्वतःचं ताट कमी करते आणि पोरांना सांगते माझं मघाशीच झालं. अशा घरातल्या मुलांना कित्येकदा पत्ताही नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२४ मध्ये जगभरात भुकेला तोंड देणाऱ्यांचा आकडा साधारण ६७ कोटी ३० लाख दिलाय, म्हणजे शंभरातले आठ जण. आणि २०२२ चा त्यांचाच दुसरा अंदाज सांगतो की घरं, हॉटेलं, दुकानं मिळून ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नातलं १९ टक्के वाया गेलं, शंभर कोटी टनांपेक्षा जास्त. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की बाजारात धान्य असूनही माणसं उपाशी मरू शकतात, कारण ते विकत घ्यायची ताकद त्यांच्याकडे उरलेली नसते. अर्थशास्त्राच्या पेपरात मी हे लिहून मार्क घेतलेत, पण मागच्या खोलीत खोक्यांची थप्पी आणि पुढच्या दाराशी रांग अशी दोन्ही एकाच वेळी बघितली की ते वाक्य पाठ करावं लागत नाही.

काम काय असतं विचाराल तर बहुतेक वेळ सॉर्टिंग. एकेक पाकीट उचलून तारीख बघायची. 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे चव, कुरकुरीतपणा थोडा कमी झाला असेल, पण नीट ठेवलेला कोरडा माल बहुतेक वेळा खाता येतो. 'यूज बाय' मात्र सुरक्षेची तारीख, ती उलटली की बाजूला, तिथे चर्चा नाही. डब्याला बारीकसा पोचा असेल तर चालतो, फुगलेला डबा मात्र उघडूनही बघायचा नाही, सरळ टाकायचा, आत विषारी जंतू वाढलेले असू शकतात. आमच्या ताई एकच नियम सांगतात, स्वतःच्या घरी खाल्लं नसतं ते दुसऱ्याच्या पिशवीत टाकायचं नाही. देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं, कारण कपाट साफ करताना निघालेलं काहीही 'गरिबांना चालेल' म्हणून येतं तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडे तयार पिशवी हातात देत नाहीत, मांडणीवरून लोक स्वतः निवडतात. याला वेळ जास्त लागतो पण मला हीच पद्धत पटते. एक आजोबा पाकीट डोळ्यांपासून लांब धरून मागची बारीक अक्षरं वाचत होते, मी जवळ गेले तर म्हणाले, बाळा, हे शिजायला किती वेळ लागेल गं? घरातला गॅस संपत आलेला आणि दात नसल्यामुळे मऊही शिजायला हवं. मग आम्ही दोघांनी मिळून लवकर शिजणारं शोधलं. जाताना त्यांनी पिशवीतला एक डबा काढून परत मांडणीवर ठेवला, म्हणाले यात साखर आहे, मला चालत नाही, दुसऱ्या कुणाला होईल. तयार पिशवी दिली असती तर तो डबा त्यांच्या घरी तसाच पडून राहिला असता.

कधी कधी रांगेत कुणीतरी चिडतं, आवाज चढतो. त्यावर नवीन आलेले व्हॉलंटिअर म्हणतात, फुकट मिळतंय तरी केवढा रुबाब. मला ते ऐकवत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, ३६ धडधाकट तरुण स्वतःहून सहा महिने अर्धपोटी राहिले. ती शांत स्वभावाची मुलं चिडचिडी झाली, एकटी एकटी राहायला लागली, लक्ष कशातच लागेना, दिवसरात्र डोक्यात फक्त खाणं, काही जण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे. आणि त्यांना माहीत होतं की हे अमुक दिवशी संपणार आहे! रांगेतल्या माणसाला तशी तारीख कुणी दिलेली नसते. वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या, सकाळच्या लेक्चरला कशातच लक्ष नसणाऱ्या मुलाकडे बघतानाही मला आता आधी हेच आठवतं, त्याने नाश्ता केलाय का.

अजून एक, फोटो. कृपा करून घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. पिशवी देताना कॅमेऱ्याकडे बघून हसणारे आपण आणि मान खाली घातलेले ते, असा फोटो मुलाच्या शाळेतल्या कुणी बघितला तर ती आई पुढच्या वेळी येणार नाही, उपाशी राहील पण येणार नाही. काम दाखवायचंच असेल तर खोक्यांचे काढा, मांडणीचे काढा.

कुणाला मदत करायची असेल तर आधी जवळच्या फूड बँकेला फोन करून काय कमी आहे ते विचारा. बऱ्याचदा पैसे दिलेले जास्त उपयोगी पडतात, ठोक भावात त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त माल घेता येतो. बाळांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड विसरू नका, ते मागायला लोक लाजतात. आणि वेळ देणार असाल तर सुट्ट्यांच्या गर्दीत येण्यापेक्षा परीक्षा संपल्यावरच्या एखाद्या साध्या मंगळवारी या, तेव्हा खोकी उचलायला माणूस नसतो.