शाखा कशाची काढावी आणि कशाची नाही

पुण्यातल्या जुन्या दुकानांवर "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी असते ना, तिची बाहेरगावची लोकं फार चेष्टा करतात. बाकीच्या गावात दुसरी शाखा निघाली की माणूस पेढे वाटतो आणि आमच्याकडे शाखा नाही म्हणून पेंटरला पैसे देऊन पाटी रंगवून घेतात. माज आहेच त्यात, नाही कशाला म्हणू. पण सदाशिव पेठेतून बाणेरला राहायला आल्यापासून मला त्या पाटीचा जरा वेगळा विचार करावासा वाटतो, कारण इथे आमच्या रस्त्यावर असं एक हॉटेल सापडत नाही ज्याची दुसरी ब्रांच औंधला, तिसरी वाकडला आणि चौथी "लवकरच येत आहोत" नाहीये.

आधीच सांगते, मी चेनच्या विरोधात वगैरे नाही. जुनं ते सगळं सोनं आणि नवीन ते सगळं प्लास्टिक असं म्हणणारी आमच्या फॅमिली ग्रुपवर पुरेशी मंडळी आहेत, त्यात माझी भर नको. माझं म्हणणं एवढंच की काही पदार्थांच्या शाखा निघतात आणि काहींच्या निघत नाहीत, आणि सध्या पुण्यात ज्यांच्या निघू नयेत त्यांच्याच धडाधड निघतायत.

निघतात कशाच्या? बाकरवडीच्या. चितळ्यांची बाकरवडी मशिनवर होते, कोरडी असते, डब्यात भरून अमेरिकेतल्या भाच्याला पाठवली तरी तिथे पोचून कुरकुरीतच राहते, मग ती बाजीराव रोडला घेतली काय आणि हायवेवरच्या दुकानात घेतली काय, सेम. उलट शाखा वाढल्या त्याचा फायदाच झाला, एक ते चार बंदचे जोक पण निम्मे संपले, २०१७ पासून दुपारी पण उघडं ठेवायला लागले तेव्हा पेपरात बातमी आली होती, जगात दुसऱ्या कुठल्या मिठाईच्या दुकानाची दुपारी उघडं असण्याची बातमी होत असेल असं वाटत नाही. तसंच मस्तानीचं. सुजाताची मस्तानी मी निंबाळकर तालमीपाशी उभं राहून पीत मोठी झाले आणि आता घराजवळच्या ब्रांचमधे पण पिते, फरक शून्य. आइस्क्रीम एका जागी बनतं, फ्रीझरमधून जातं, घट्ट दूध ओतून वर गोळा टाकायला काही आचारी लागत नाही. फक्त तिथे उभं राहून पिताना जी गर्दी आणि स्कूटरींचा गोंधळ असायचा तो नाही, पण तो कोणाला हवाय.

आता मिसळ. इथे माझं डोकं फिरतं.

मिसळीची शाखा कशी काढणार तुम्ही? फरसाण एका जागी तळून पाठवता येतं, मान्य. मटकी पण मोड आणून पाठवता येईल. पण कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा? कट हा सकाळी चढवतात आणि दिवसभर तो उकळत राहतो, आठला खाल्ली तर पातळ आणि तिखट जरा वर वर, साडेदहाला तोच कट आटून दाट झालेला असतो आणि मसाला आत मुरलेला. ज्यांना हे माहितीय ते आपापल्या वेळेला जातात, माझे बाबा दहाच्या आधी कधी गेले नाहीत. सेंट्रल किचनवाले काय करतात तर मसाल्याची पेस्ट पाउचमधे पाठवतात, इथला पोरगा गरम पाण्यात ढवळतो, वरून लाल तेल सोडतो, झाली तर्री. दिसायला एक नंबर, फोटो मस्त येतो, पण दुसरा घास घेतला की कळतं की तिखट जिभेवर आहे आणि चव कुठेच नाही. आमच्या इकडच्या एका चेनमधे (नाव नाही घेत) मी एक्स्ट्रा रस्सा मागितला तर वाटीतल्या रश्श्यावर तेल वेगळं आणि पाणी वेगळं तरंगत होतं, पोरग्याला दाखवलं तर तो चमच्याने ढवळून म्हणाला "आता घ्या मॅडम".

आणि पुण्यात मिसळ म्हणजे एक चव नाहीच मुळी. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे गेलात तर ती गुळाकडे झुकलेली, सोबत पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो. कर्वे रोडला गरवारे कॉलेजच्या जवळपास काटाकिर्र, तिथे कोल्हापुरी झणका, आणि बाहेर लोकं नाव पुकारायची वाट बघत उभी. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन, ते तर खरेदी करून पाय दुखले की आपोआपच होतं. वैद्यांची मिसळ लालच नाही, हिरव्या मिरचीची. आता या सगळ्यांना एका मेनूकार्डावर "पुणेरी मिसळ" म्हणून कसं बसवणार? चेनवाले बसवतात. लो स्पायसी, मीडियम, हाय, आणि त्याच्यावर चीज मिसळ. चीज!

आमच्या घरात हा विषय निघाला की वेगळंच महाभारत सुरू होतं कारण नवरा कोल्हापूरचा. त्याच्या मते पुण्याची मिसळ म्हणजे "फोडणीच्या पाण्यात चिवडा". लग्नानंतर पहिल्यांदा त्याला बेडेकरांकडे नेलं तर पहिल्या घासाला माझ्याकडे बघून म्हणे, "गोड हाय की गं." सासूबाई पण आल्या की हाच विषय. फडतरेंची मिसळ मी कोल्हापूरला जाऊन खाल्लीय आणि ती भारी आहे हे मी मान्य करते, पण ते कोल्हापूरच्या पाण्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात आहे, तीच पुण्यात कोणी आणून विकली की नवराच सगळ्यात आधी नाक मुरडतो. म्हणजे बघा, तो पण शेवटी माझ्याच बाजूचा, फक्त कबूल करत नाही.

मधे एक चुलीवरच्या मिसळीची साथ आलेली, अजून ओसरली नाहीये. मुळशी रोड, सिंहगड रोड, कुठेही जा, बैलगाडीचं चाक, शेणाने सारवलेलं अंगण, झोपाळा, ससे, उंट पण बघितलाय मी एकीकडे. पापड, ताक, जिलबी सगळं ताटात. पुढे एक चूल धुमसत असते फोटोपुरती आणि मागे कमर्शियल गॅसच्या टाक्यांची रांग. पण पोरं खेळतात, म्हाताऱ्यांना खाट मिळते, रविवार जातो, त्यामुळे मी त्यांना माफ केलंय. तिथे मिसळ खायला जायचंच नसतं.

चहाचं दुःख मिसळीपेक्षा कमी आहे पण रोजचं आहे. अमृततुल्य हा प्रकार पुण्यात आणला राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी, पितळेचं मोठं पातेलं, त्यात दूध-पाणी-साखर-पावडर सगळं एकत्र, आलं-वेलदोडा समोर खलबत्त्यात कुटलेला, आणि तो माणूस मोठ्या डावाने चहा सतत वर उचलून ओततोय. आमच्या पेठेतल्या घराच्या कोपऱ्यावरचे काका मधेच दोन थेंब तळहातावर टाकून चाखायचे आणि मग ठरवायचे की अजून साखर की अजून दोन मिनिटं. त्यांनी कधी मोजून काही टाकलेलं मी बघितलं नाही. मग येवल्यांनी चहाचं फ्रँचायझीचं गणित जमवलं, ते चाललं म्हटल्यावर त्यांच्या मागून इतके ब्रँड आले की आता एका चौकात चार कोपऱ्यांवर चार चहावाले, सगळ्यांचे बोर्ड तसेच, सगळीकडे युनिफॉर्म घातलेली पोरं. चहा वाईट नसतो हो. अजिबात वाईट नसतो. पण कधी बेस्ट पण नसतो, कारण मोजलेल्या पुडीत कालच्यापेक्षा आज चांगला व्हायची सोयच ठेवलेली नाही. अमृततुल्यवाल्या काकांचा कधी कधी पार पांचट व्हायचा, आणि कधी असा व्हायचा की ऑफिसची बस चुकली तरी चालेल.

वडापावच्या बाबतीत मी जरा मवाळ आहे. भाजी सेंट्रल किचनमधून आली तरी चालते, कारण सगळा खेळ तळण्याचा आहे, कढईतून निघून दोन मिनिटात हातात पडला तर कुठल्याही चेनचा वडा चांगलाच लागतो. त्यामुळे माझा नियम असा की ब्रँड बघू नका, गर्दी बघा. स्टँडजवळची, कॉलेजजवळची शाखा घ्या, जिथे घाणा सतत चालू असतो. मॉलमधली नको, तिथे वडा काचेच्या कपाटात दिव्याखाली बसून घामेजलेला असतो आणि मग तो मायक्रोवेव्हमधे टाकतात, त्यानंतर त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. जोशी वडेवाले आवडतात मला, कॅम्पातला गार्डन वडापाव पण आवडतो, दोन्हीत कोण भारी यावर माझं आणि दादाचं भांडण आहे, त्यात तुम्ही पडू नका.

आता चेनची बाजू पण घेते, कारण आईला घेऊन बाहेर पडलं की माझी सगळी तत्त्वं गुंडाळून ठेवावी लागतात. तिचे गुडघे गेलेत. पेठेतलं निम्मं खाणं दोन पायऱ्या वर नाहीतर अर्धा जिना खाली, बाक अरुंद, समोर अनोळखी माणूस त्याची मिसळ ओरपतोय, बाथरूम विचारलं तर मालक असं बघतो की जसं काही किडनी मागितली. आणि खाऊन झालं की उठा, पुढचे उभे आहेत, पाणी घरी जाऊन प्या. चेनमधे रॅम्प असतो, एसी असतो, स्वच्छ बाथरूम असतं, आणि तासभर बसलं तरी कोणी काही बोलत नाही. कॉलेजच्या पोरींना एकट्याने लॅपटॉप घेऊन बसायला जागा मिळते ती पण तिथेच. आमच्या वेळी एकटी मुलगी हॉटेलात बसली की वेटर दोनदा येऊन विचारायचा अजून कोणी येणारे का. हे सगळं जुन्या हॉटेलवाल्यांना जमणार नाही असं नाही, त्यांना करायचं नाहीये. चवीवर चालतंय तोवर चालवायचं.

परदेशी चेनबद्दल मला फारसं म्हणायचंच नाही. मॅकडॉनल्ड्स १९९६ ला भारतात आलं तेव्हा संस्कृती बुडणार म्हणून केवढी चर्चा, झालं काय तर त्यांनाच बीफ सोडून आलू टिक्की करावी लागली. लेकीला आवडतं, वाढदिवस होतात, सोडून द्या. पण बर्गर किंगची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे कारण ती फक्त पुण्यातच होऊ शकते. कॅम्पात एका इराणी कुटुंबाचं बर्गर किंग आहे, १९९२ पासूनचं. अमेरिकेतल्या बर्गर किंगने भारतात पहिलं दुकान काढलं २०१४ ला. पण त्याच्याही आधी, २०११ मधे, त्यांनी आमच्या कॅम्पवाल्यांवर दावा ठोकला की आमचं नाव वापरू नका. तेरा वर्षं चालली केस. आणि २०२४ मधे पुण्याच्या कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला, म्हणे हे लोक तुमच्या इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव वापरतायत. कंपनी मग हायकोर्टात गेली, तिथून पुढे कायद्याचा कीस चालू झाला, पण तो निकाल आला त्या आठवड्यात आमच्या ऑफिसमधे पुणेकरांच्या चेहऱ्यावर जे काही होतं! ज्यांनी आयुष्यात कधी तिथला बर्गर खाल्ला नाही ते पण मिशीला पीळ देऊन फिरत होते.

वैशाली-रुपाली माझ्या थिअरीत कुठे बसवायचं ते मला नीट जमत नाही. दोन्ही फर्ग्युसन रस्त्यावर, दोन्ही एकाच शेट्टींनी उभी केलेली, मेनू जवळजवळ तोच. म्हटलं तर ही शाखाच झाली की. तरी वैशालीवाले रुपालीत जात नाहीत आणि रुपालीवाले वैशालीचं नाव काढलं की "तिथे फक्त दिसायला जातात" म्हणतात. एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) वैशालीची आणि कॉफी कुठेही, असं माझं मत. पण तिथे निदान मालक दोन्हीकडे पायी जाऊन सांबारात बोट बुडवू शकत होते. बाणेर ते हडपसर कोण जाणार रोज, आणि तेही चांदणी चौक, कात्रजची ट्रॅफिक बघता.

कयानीचं मात्र मला उलटं वाटतं. श्रूजबेरी बिस्किट हे कोरडं, टिकाऊ, डब्यात बसणारं, माझ्या नियमाने त्यांनी कधीच दहा शाखा काढायला हव्या होत्या. १९५५ पासून ईस्ट स्ट्रीटवर बसलेत ते बसलेतच. दुपारी बंद असतात, वेळ बघून जा, आणि रांगेत लागलातच तर नुसती श्रूजबेरी घेऊन परत येऊ नका, मावा केक पण घ्या, तो घरापर्यंत टिकत नाही, निदान आमच्याकडे तरी युनिव्हर्सिटी सर्कलच्या सिग्नललाच संपतो.