ते शीत भातातलंच नव्हतं म्हणे

‘माझा एक कृष्णवर्णीय मित्र आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा वादात ढाल म्हणूनच पुढे येतं. त्यामुळे मैत्रीने वंशाबद्दलचा पूर्वग्रह कमी होतो असं म्हटलं की लोक हसतात. पण तो कमी होतो, आणि ते चांगलं मोजलेलंही आहे. प्रश्न एवढाच, की कुठल्या मैत्रीने, आणि तिचा परिणाम परत कुठून गळतो.

नुसतं जवळ असणं पुरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं. त्यांच्या चार अटी अशा: दोघांचा दर्जा त्या प्रसंगात सारखा हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागावी, आणि वरच्या माणसांचा किंवा नियमांचा त्याला पाठिंबा हवा. पहिली अट सुटली की बाकीच्यांचा जोर बराच ओसरतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात गोऱ्या घरांतली मुलं कृष्णवर्णीय बायकांच्या कडेवर वाढली. याहून जवळीक ती काय असणार? पण एक मालक आणि एक नोकर, त्यामुळे मुलाचा त्या बाईवर जीव जडला तरी व्यवस्थेबद्दलचं मत जागचं हललं नाही.

उलट उदाहरण अमेरिकन सैन्याचं आहे. १९४५ मध्ये युरोपात गोऱ्या सैनिकांच्या काही कंपन्यांना, म्हणजे मोठ्या तुकड्यांना, कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या प्लाटून, म्हणजे छोट्या तुकड्या, जोडल्या होत्या. अशी रचना तुम्हाला आवडेल का, असं गोऱ्या सैनिकांना विचारलं. ज्यांच्याकडे असे सैनिक नव्हतेच, त्यांच्यातल्या ६२ टक्क्यांनी ‘अजिबात आवडणार नाही’ म्हटलं. ज्यांच्या कंपनीत ते होते, तिथे हा आकडा ७ टक्के. समोर एकच शत्रू असला की चारही अटी आपोआप जमून येतात, पण असं रणांगण रोजच्या आयुष्यात कुठून आणणार?

तिथे मैत्री कामाला येते. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये गटागटांतल्या संपर्कावरचे ५१५ अभ्यास एकत्र केले. संपर्क आणि पूर्वग्रह यांचा सहसंबंध सरासरी उणे ०.२१ निघाला, म्हणजे संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी. डोळे दिपावेत असा नाही, पण हटत नाही असा. नंतर, २००८ मध्ये, हे घडतं कशामुळे तेही त्यांनी तपासलं. दुसऱ्या गटाची माहिती वाढण्याचा वाटा सगळ्यात कमी निघाला. खरं काम करते ती धास्ती कमी होणं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहता येणं. ‘त्यांच्या संस्कृतीची ओळख’ छापाच्या कार्यक्रमांवर माझा फारसा भरवसा नाही, तो यामुळेच.

ही धास्ती जवळून बघा. दुसऱ्या वंशाचा सहकारी शेजारी येऊन बसतो. आपण प्रत्येक शब्द तोलायला लागतो, नजर चुकवतो, नको तिथे हसतो आणि काहीतरी निमित्त काढून उठतो. आपल्याला वाटतं, आपण जपून वागलो. समोरच्याने मात्र त्याचा अर्थ ‘याला माझ्याशी बोलायचं नाही’ असा लावलेला असतो. निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन यांनी २००५ मध्ये हेच दाखवलं: दोन्ही बाजूंना ओळख वाढवायची असते, आणि दोन्ही बाजू धरून चालतात की समोरच्यालाच नको आहे.

यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये ३६ प्रश्न तयार केले. बाराचे तीन संच, हलक्या प्रश्नांपासून खोलवर जाणारे, एकूण पाऊण तास. दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. हा नियम मोडला, एकाने विचारलं आणि दुसऱ्यानेच सांगितलं, की मैत्रीची मुलाखत होते. याच पद्धतीने लॅटिनो आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या तीन वेळा भेटवल्या आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. ज्यांच्या मनात नकळतचा पूर्वग्रह जास्त, त्यांचा ताण या तीन भेटींत उतरत गेला. म्हणून पहिल्या भेटीवरून निकाल देऊ नये, ती अवघडच जायची. शक्यतो हातात काहीतरी काम असताना भेटावं, आणि दुसरी भेट लांबवू नये. २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात मैत्रीच्या सगळ्या मापांपैकी दोनच ठळक उठून दिसली: सोबत घालवलेला वेळ, आणि स्वतःबद्दल मोकळं सांगणं.

आता गळती. पूर्वग्रह म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण ही परीक्षा मोठी लबाड असते. वाईट अनुभव आला तर एका शितावरून सगळं पातेलं कच्चं ठरतं. चांगला आला, तर ते शीत या भातातलंच नव्हतं म्हणे! ‘तू त्यांच्यातला वाटतच नाहीस’ हे वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं. ऐकणारा क्षणभर थांबतो, कसनुसं हसतो आणि विषय बदलतो. बोलणाऱ्याच्या मनातला गट होता तसाच राहतो, फक्त मित्राला त्यातून बाहेर काढलेलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी माणूस म्हणून ओळख मुरू द्यावी. मग त्याचा वंश, त्याचे अनुभव बोलण्यात आले की विषय टाळू नये, ‘मला तर रंग दिसतच नाही’ असं तर मुळीच म्हणू नये. मित्र त्या गटाचाच आहे हे डोळ्यांसमोर राहिलं, तरच त्याच्यावरची माया गटाकडे झिरपते. दुसरं टोकही वाईट: प्रत्येक बातमीवर ‘तुम्हा लोकांना काय वाटतं?’ विचारलं, की मित्राचा प्रवक्ता होतो. त्याच गटातले, एकमेकांसारखे नसलेले दोन-तीन मित्र असले की ‘अपवाद’ म्हणणं अवघड जातं, आणि एकावर सगळ्यांच्या वतीने बोलायची वेळही येत नाही.

एक हिशेब उरतोच. अल्पसंख्य बाजूवर मैत्रीचा परिणाम तुलनेने कमी होतो. २००९ च्या एका प्रयोगात दोन गट केले. एकाच्या हातात गुण वाटायचा अधिकार, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. आधी काही वेळा त्यांना फक्त आपल्यात सारखं काय आहे यावर, तर काही वेळा आपल्यातल्या फरकांवर गप्पा मारायला लावलं. सारखेपणावरच्या गप्पा छान रंगल्या. अधिकार नसलेल्यांना वाटलं, आता वाटणी न्याय्य होईल. अधिकार असलेल्यांनी गुण आपल्याच गटाकडे जास्त ठेवले, फरकांवर बोललेल्या गटांनी ठेवले होते तितकेच.