मांडीवर पोर घेऊन गवत कापू नका
आज ओहायोत लख्ख ऊन पडलं आणि आमच्या गल्लीतले सगळेच मोअर, म्हणजे वर बसून चालवायची गवत कापायची गाडी, घेऊन बाहेर. शेजारच्या आजोबांकडे नातवाने हट्ट धरला, मला पण बसव म्हणून. त्यांनी पाती थांबवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि मगच त्याला जवळ घेतलं. इतकं बरं वाटलं बघून! पोर मांडीवरून घसरलं तर थेट पात्यांखाली जातं. इथले बालरोगतज्ज्ञ तर १६ वर्षांखालच्या मुलांना ही गाडी चालवूच देऊ नका म्हणतात.

उतारावर वर-खालीच चालवा, आडवी नेली तर उलटते. आणि खाली चिकटलेलं ओलं गवत काढण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढाच, प्लीज. नुसतं हाताने पातं फिरवलं तरी इंजिन उचल खाऊ शकतं.