एव्हीमोरचा निवांत वीकेंड: दोन तळी, एक टेकडी आणि गाडी नाही

कळसूबाई १६४६ मीटर. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर. सह्याद्रीत पाय घडलेल्या माणसाने हे दोन आकडे शेजारी पाहिले की स्कॉटलंडचे डोंगर त्याला किरकोळ वाटायला लागतात. लंडन-मँचेस्टरहून येणारी आपली मंडळी नेमकी इथेच फसतात. पहाटे एडिनबराहून गाडी काढायची, दुपारी शिखर, रात्री परत. त्यात निम्मा दिवस स्टीअरिंगवर जातो आणि वर हवा फिरली तर जिवाशी खेळ होतो.

इथे उंचीपेक्षा अक्षांश महत्त्वाचा. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगररांगेतलं एव्हीमोर गाव ५७ अंश उत्तरेला आहे. साडेसहाशे मीटरच्या आसपास झाडं संपतात आणि त्यापुढे वारा अडवायला काही म्हणजे काही नसतं. केर्न गॉर्मच्या १२४५ मीटर उंच माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा वेग ताशी १७३ मैल नोंदला गेला, म्हणजे जवळपास २७८ किलोमीटर. म्हणून पहिल्या खेपेला मोठ्या शिखराचं नाव काढू नका. एकाच खोऱ्यात दोन दिवस राहा, पायी फिरा, जमलं तर एक टेकडी चढा. केर्नगॉर्म्सचं खरं वैभव पायथ्याच्या जुन्या पाइनच्या रानात आहे, आणि ते घाईत दिसत नाही.

शुक्रवारी संध्याकाळची ट्रेन पकडा. एडिनबरा किंवा ग्लासगोहून एव्हीमोरला पावणेतीन-तीन तास लागतात, इनव्हरनेसहून पाऊण तासाच्या आत पोचता. लंडनहून रात्रीची स्लीपर युस्टनवरून थेट एव्हीमोरला येते, मात्र शनिवारी रात्री ती धावत नाही. स्टेशन गावाच्या मुख्य रस्त्यावरच आहे. सुपरमार्केट, सामानाची दुकानं, हॉस्टेल सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मे ते सप्टेंबर राहण्याची जागा आयत्या वेळी मिळेल या भरवशावर येऊ नका.

कधी यावं? एप्रिलची अखेर आणि मे हा सर्वांत चांगला काळ. दिवस मोठा झालेला असतो आणि मिज, म्हणजे चावरे किडे, अजून उठलेले नसतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये हेदर हे रानझुडूप फुलतं आणि उतार जांभळे होतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून लाल हरणांचे नर डरकाळ्या फोडायला लागतात, खोऱ्यात तो आवाज घुमत राहतो. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो, तेव्हा त्या महिन्यात फक्त तळ्याकाठी फिरा.

शनिवारचा दिवस लॉख अन एलनला द्या. उच्चार ‘लॉक’ नाही, ‘लॉख’. घशातला तो ख इंग्रजांना जड जातो, आपल्याला सोपा आहे. गेलिक या इथल्या जुन्या भाषेतल्या नावाचा अर्थ ‘बेटाचं तळं’. बेटावर मध्ययुगीन किल्ल्याचा पडका भाग उभा आहे आणि त्याच्या भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकात त्या भिंतींवर ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे गरुड, घरटी बांधत. अंडी चोरणारे आणि शिकारी यांच्यापायी ते स्कॉटलंडमधून गेले. १९५४ साली एक जोडी जवळच्या लॉख गार्टनला परत आली आणि तिथून त्यांची संख्या पुन्हा वाढली. एप्रिल ते ऑगस्ट या दिवसांत तळ्यावर नजर ठेवा.

एव्हीमोरहून इनव्हरड्रूईमार्गे तळ्यापर्यंत साधारण पाच किलोमीटर. तळ्याभोवतीची फेरी आणखी पाच, तीही जवळजवळ सपाट. भराभर चालणारा दीड तासात फेरी संपवतो. तुम्ही तीन तास धरा.

ते तीन तास कशाला, तर झाडांसाठी. रॉथिमर्कसचं हे रान म्हणजे हिमयुगानंतर इथे आलेल्या पाइनच्या अरण्याचा उरलेला तुकडा. लागवडीतली झाडं शिस्तीत, सरळसोट उभी असतात, तर इथली म्हातारी झाडं आडवी पसरलेली, वाकडी, प्रत्येक वेगळ्या अंगाची. एका झाडाजवळ थांबून नीट पाहा. बुंध्याची साल करड्या-तपकिरी जाड खपल्यांची असते, दोन खपल्यांमधल्या भेगेत बोटाचं पेर सहज जातं. नजर वर नेली की साल पातळ होत जाते आणि वरच्या फांद्या चक्क केशरी दिसतात, सांजेच्या उन्हात तर पेटल्यासारख्या. खाली ब्लेबेरीची गुडघ्याएवढी झुडपं. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना निळी-काळी फळं धरतात, करवंदासारखीच जीभ रंगवणारी. पाइनच्या सुयांचे गुडघ्यापर्यंत उंच ढीग दिसतील, ते मुंग्यांचे आहेत. त्यांच्याजवळ डबा उघडून बसू नका. वरून सोललेली पाइनची बोंडं पडत असतील तर मान वर करा, लाल खार तिथेच असणार.

वाट सोडून आत मात्र शिरू नका. कॅपरकेली नावाचा रानकोंबड्याच्या जातीचा मोठा पक्षी या रानांत जमिनीवर घरटं करतो आणि सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून तो काही शेकड्यांत उरला आहे. माणूस किंवा मोकळं सोडलेलं कुत्रं जवळ आलं की मादी अंड्यांवरून उठते, अंडी गार पडतात. एप्रिल ते ऑगस्ट हे फार सांभाळायला हवं.

रविवारसाठी न्याहारीची तयारी शनिवारी रात्रीच करून ठेवा. इथली खरी पॉरिज चपट्या ओट्सची नसते. पिनहेड ओटमील आणा. ओटाचा दाणा कापून दोन-तीन तुकडे केलेला असतो, दिसायला आपल्या लापशीच्या दलियासारखा. दोघांना १०० ग्रॅम पुरे. ५०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटं शिजवा, लागेल तसं उकळतं पाणी घाला, निम्मं शिजल्यावर मीठ टाका. ढवळायला स्पर्टल, म्हणजे लाकडी गोल दांडा. डावाने ढवळलं तर मागे लगदा अडकतो आणि गुठळ्या राहतात. भिजवायचं विसरलात तर अर्धा तास धरा आणि सोडून जाऊ नका, तळाला लगेच लागते. शेजारच्या कारब्रिज गावात पॉरिज बनवण्याची जागतिक स्पर्धा भरते, त्यातल्या पारंपरिक गटात ओटमील, पाणी आणि मीठ एवढंच चालतं. साखरेशिवाय खाऊन पाहा, पेजेची आठवण येईल.

रविवारी ग्लेनमोर. एव्हीमोरहून बसने वीसेक मिनिटं, पण रविवारी फेऱ्या कमी असतात, परतीची शेवटची बस आधी लिहून घ्या. बस नको असेल तर ‘ओल्ड लॉगिंग वे’ ही चालायची-सायकलची वाट सुमारे आठ किलोमीटरची आहे. लॉख मॉर्लिखच्या काठी वाळूचा खराखुरा किनारा आहे, समोर केर्न गॉर्मची रांग. ग्लेनमोरमध्येच रेनडिअरचं केंद्र आहे. स्वीडनहून आलेल्या मिकेल उत्सी या सामी जमातीच्या माणसाने १९५२ साली हे प्राणी इथे आणले. डोंगरावर भेटले तर खाऊ घालू नका.

ग्लेनमोरहून रायव्होन खिंडीकडे रुंद वाट जाते. साधारण तीन किलोमीटरवर अन लॉखन उआन्य, ‘हिरवं तळं’. पाणी खरोखर पाचूसारखं हिरवं. पऱ्या इथे आपले हिरवे कपडे धुतात, अशी दंतकथा आहे. पाणी इतकं नितळ की बुडालेले ओंडके तळाशी स्पष्ट दिसतात. आणखी एक किलोमीटरवर रायव्होन बॉथी, दगडी झोपडी. तिचं दार कुणालाही उघडं असतं. आत वीज, नळ, संडास काही नाही. आपल्या गडावरच्या देवळात मुक्काम करतो तसा भाव ठेवा: जागा झाडून निघा, कचरा एक कणही मागे नको. शौचाला जायचं तर पाण्यापासून किमान ३० मीटर लांब, खड्डा खणून.

बॉथीपाशी निर्णय घ्यायचा. इथून मेल अ वुअखिल या ८१० मीटरच्या टेकडीवर वाट चढते. नावाचा अर्थ ‘गुराख्याची टेकडी’. संपूर्ण फेरी नऊ किलोमीटरच्या आसपास, चढ जवळजवळ ५०० मीटर. वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे इथे १०८ मिनिटं चालण्याची, ५० मिनिटं चढाची, एकूण दोन तास ४० मिनिटं. यात थांबणं, फोटो, डबा काही धरलेलं नाही. चार ते साडेचार तास हातात ठेवा.

बॉथीकडूनच चढा, उलट नको. दगडी पायऱ्यांसारखी बांधलेली ही उभी बाजू उतरताना गुडघ्यांचा जीव काढते, ओली असली तर पाय सटकतो. माथ्यावर दगड रचून केलेला आडोसा आहे, डबा तिथे उघडा. मग पश्चिमेला उतरून पुढच्या खिंडीत आलात की डावीकडे ग्लेनमोरची वाट फुटते. धुक्यात चुकामूक होते ती इथेच. धार तशीच पुढे क्रेगन गॉर्मकडे जाते आणि माणूस नकळत तिच्यावर चढायला लागतो. खिंडीनंतर चढ लागला तर मागे फिरा.

वर जायचं की नाही, हे सकाळी हवामान पाहून ठरवा. गावाचा अंदाज उपयोगाचा नाही, डोंगराचा वेगळा मिळतो: एमडब्ल्यूआयएस (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस) किंवा मेट ऑफिसचा माउंटन फोरकास्ट. पावसाआधी वाऱ्याचा आकडा वाचा. ग्लेनमोरला १२ अंश असतील तर माथ्यावर ९ धरा, आणि तिथे ताशी ५० किलोमीटरचा वारा असला की अंगाला ४ अंश लागतात, तेही कोरडे असाल तर. वारा ताशी ३५ मैलांच्या वर सांगितला असेल, तर हिरव्या तळ्यावरून मागे फिरा. दिवस वाया जात नाही.

सुती कपडे घरी ठेवा. पावसाळी ट्रेकचा आपला अनुभव इथे उलटा पडतो. तिकडे भिजलेला टी-शर्ट अंगावरच वाळतो, इथे तो ओला कापूस अंगातली ऊब ओढून घेतो आणि हुडहुडी थांबत नाही. जीन्स तर नकोच. आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, पाणी न शिरणारं जाकीट आणि तशीच पँट. टोपी, हातमोजे जुलैमध्येही. हेडटॉर्च, शिट्टी आणि कागदी नकाशा, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ५७. मोबाइलची रेंज खिंडीत जाते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. अडचणीत ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू सांगा. पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत.

मिज म्हणजे मुरकुटांसारखे चावरे किडे. मेअखेर ते सप्टेंबर, सकाळ-संध्याकाळ, ढगाळ आणि पडलेल्या हवेत ते थव्याने येतात. थोडा वारा सुटला की नाहीसे होतात, म्हणून विश्रांतीला उघडी, वाऱ्याची जागा निवडा. डोक्यावरून घालायची जाळी दोन-चार पौंडांत मिळते, ती खिशात हवीच.

गोचीड जास्त काळजीचे. त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा आणि रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला हात फिरवून पाहा. पोराबाळांचं डोकं तपासा. जळूला मीठ-तंबाखू लावतो तसं इथे काही लावू नका. तेल, व्हॅसलीन, चटका, काहीही नको, त्याने गोचीड चवताळून पोटातलं रक्तात ओकू शकतो. औषधाच्या दुकानातला टिक रिमूव्हर घ्या, कातडीला लागून पकडा, चिरडू न देता ओढून काढा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात त्या जागी पसरत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं तर थेट डॉक्टर.

तंबू लावायचा असेल तर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायचा आणि मुक्काम करायचा हक्क दिला आहे. गाडी लावून शेजारी ठाण मांडणं त्यात येत नाही. शेकोटी अजिबात नको. इथली बरीच जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. वरून विझलेली आग आत धुमसत राहते आणि दुसरीकडेच वर येते. गॅसचा स्टोव्ह पुरतो.

परतीच्या ट्रेनचं सीट आधी राखून ठेवा, रविवारी संध्याकाळी गर्दी असते. दक्षिणेकडे तोंड करून उजव्या खिडकीला बसा. तासाभराच्या आत गाडी ड्रुमॉख्टर खिंडीत चढते. ४५२ मीटरवरची ही जागा ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची सर्वांत उंच. उजवीकडे आधी ‘बेडनॉखचा रानडुक्कर’ आणि लगेच पुढे ‘अथॉलची डुकरीण’ असे दोन गोल पाठीचे डोंगर येतात. त्यांच्या पायथ्याशी संध्याकाळी लाल हरणं चरायला उतरलेली असतात.