हेशेल यांनी रोमला नेलेल्या तीन मागण्या

गणपती आणि ईद-ए-मिलाद जवळ आले की मराठवाड्यात पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका लागतात. दोन्हीकडची तीच मंडळी, चहा, सलोख्याच्या परंपरेवरची भाषणं आणि शेवटी फोटो. मिरवणूक मशिदीसमोरून किती वाजता जाणार, डीजे कुठे बंद होणार, ही खरी बोलणी मात्र गेटबाहेर आल्यावर, आपापल्या माणसांत होतात. आपल्याकडच्या सलोख्याच्या कार्यकर्त्यांनी अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू धर्मगुरूचं काम बारकाईने बघावं असं मला वाटतं, ते यासाठीच. या माणसाने समोरच्या धर्माच्या दारात जाताना मागण्या लिहून नेल्या.

हेशेल यांचा जन्म ११ जानेवारी १९०७ रोजी वॉर्सात झाला. घराणं हसिदी या ज्यू भक्तिपंथातल्या गुरूंचं. बर्लिन विद्यापीठात त्यांनी बायबलमधल्या संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिला. ऑक्टोबर १९३८ मध्ये नाझींनी त्यांना फ्रँकफर्टमधून उचलून पोलंडला हाकललं. १९३९ मध्ये युद्ध पेटण्याच्या काही आठवडे आधी ते लंडनला निसटले आणि १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले. आई आणि तीन बहिणी मागे राहिल्या. त्या चौघीही युद्धात आणि नाझींच्या संहारात गेल्या. पुढे न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी अखेरपर्यंत शिकवलं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जगभरच्या बिशपांच्या सभेची, तयारी चालू होती. 'येशूला ज्यूंनी मारलं' हा आरोप शतकानुशतकं चर्चच्या व्यासपीठावरून होत आला होता आणि त्यापायी कत्तली झाल्या होत्या. परिषदेतलं हे काम कार्डिनल ऑगस्टिन बेआ यांच्याकडे होतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये हेशेल त्यांना रोममध्ये भेटले आणि मे १९६२ मध्ये अमेरिकन ज्यूइश कमिटीच्या वतीने लेखी निवेदन दिलं. त्यातलं मागणं थोडक्यात असं होतं: देवहत्येचा आरोप चर्चने स्पष्ट शब्दांत नाकारावा, ज्यूंना उद्याचे ख्रिस्ती न समजता ज्यू म्हणूनच मान द्यावा, आणि एकमेकांविषयीचं अज्ञान घालवण्यासाठी अभ्यासाची कायमची व्यवस्था उभी करावी.

या मागण्यांची घडण बघा. 'प्रेमाने राहू या' असं एकही वाक्य त्यात नाही. प्रत्येक मागणी अशी, की मसुदा हातात आल्यावर बोट ठेवून सांगता यावं, झाली की नाही.

आणि बोट ठेवायची वेळ आलीच. १९६४ च्या मसुद्यात, ज्यू कधीतरी चर्चमध्ये सामील होतील अशी आशा व्यक्त करणारी ओळ आली. म्हणजे पहिली मागणी अर्धीमुर्धी आणि दुसरी पार उलटी. अशा वेळी बहुतेक मध्यस्थ 'एवढं मिळालं ते घ्या' म्हणतात. हेशेल यांनी सप्टेंबरमध्ये जाहीर निवेदन काढलं: धर्मांतर की मृत्यू असा पर्याय असेल, तर मी कधीही आउशवित्झला (नाझींच्या मृत्युछावणीत) जायला तयार आहे. १४ सप्टेंबर १९६४ रोजी, योम किप्पुर हा ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस तोंडावर असताना, ते पोप पॉल सहावे यांना जाऊन भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अंतिम मजकूर २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्यात धर्मांतराची ती आशा नव्हती. 'देवहत्या' हा शब्दही नव्हता, पण येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे लिहिलं गेलं.

विरोध घरातूनही होता. ऑर्थोडॉक्स ज्यूंचे मोठे गुरू जोसेफ सोलोवेचिक यांचं म्हणणं होतं, की सामाजिक प्रश्नांवर ख्रिस्ती लोकांशी जरूर बोला, श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाट नको. हा आक्षेप हलका नाही. संख्येने लहान असलेल्या समाजाला ही भीती असतेच. पण हेशेल यांनी आपल्या श्रद्धेतलं काहीच वाटाघाटीला ठेवलं नव्हतं. माझ्या मते त्यांची ताकद तिथेच होती. पैठणच्या नाथांच्या हिंदू-तुर्क संवादातही दोघे आधी एकमेकांची उणीदुणी काढतात, गळाभेट शेवटी होते.

कामाची दुसरी बाजू सेल्माची. ७ मार्च १९६५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, सेल्मा गावी, मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी पुलावर झोडपलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बोलावण्यावरून हेशेल शनिवारचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर निघाले आणि २१ मार्चला सकाळी ब्राउन चॅपलमध्ये त्यांनी सत्ताविसावं स्तोत्र वाचलं. मग पहिल्या रांगेत किंग, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी राल्फ बंच आणि शेजारी पांढऱ्या दाढीचे हेशेल. गळ्यात हवाईहून आलेले फुलांचे हार.

या मोर्चाची व्यवस्था वारीला किंवा दिंडीला जाणाऱ्याला लगेच कळेल. सेल्मा ते माँटगोमेरी सुमारे ८७ किलोमीटर, पाच दिवस, चार मुक्काम. मुक्काम कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या शेतात, शेवटचा सेंट ज्यूडच्या कॅथलिक आवारात. स्वयंपाक सेल्मातल्या चर्चमध्ये आणि जेवण पत्र्याच्या नव्या कोऱ्या कचरापेट्यांतून गाडीने मुक्कामावर. रस्ता दुपदरी होता तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत, ही कोर्टाची अट, म्हणून बाकीचे मागे फिरले आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा आले. संरक्षण द्यायला गव्हर्नर तयार नव्हते, म्हणून राष्ट्राध्यक्षांनी नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव दल केंद्राच्या ताब्यात घेतलं. २५ मार्चला माँटगोमेरीत सुमारे २५,००० लोक जमले. मताधिकार कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली. 'माझे पाय प्रार्थना करत होते,' असं हेशेल यांनी नंतर म्हटलं.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला आणि निर्णय १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्या सगळ्या काळात, ज्यांचा तो प्रश्न नव्हता असे किती लोक पहिल्या रांगेत उभे राहिले, हे मराठवाड्याने स्वतःला विचारण्याजोगं आहे.

किंग यांनाही हेशेल यांनी आपल्या लोकांसमोर नुसत्या कौतुकासाठी बसवलं नाही. २५ मार्च १९६८ रोजी ज्यू धर्मगुरूंच्या अधिवेशनात हेशेल यांनी त्यांची ओळख करून दिली, तिथे कृष्णवर्णीयांमधल्या ज्यूद्वेषाबद्दल आणि इस्रायलबद्दल थेट प्रश्न झाले आणि किंग यांनी उत्तरं दिली. दहा दिवसांनी किंग यांची हत्या झाली. हेशेल २३ डिसेंबर १९७२ रोजी गेले.

यंदाच्या बैठकीला जाणाऱ्यांनी एक करावं. दोन्ही बाजूंनी आठवडाभर आधी तीन-तीन मागण्या कागदावर आणाव्यात: रस्ता, वेळ, आवाज, जे असेल ते. वाईट वाटेल म्हणून त्यातली एकही गाळू नये. मान्य झालेल्या मजकुराची अंतिम प्रत सही करण्याआधी शब्द न् शब्द मोठ्याने वाचावी, कारण ओळ घुसते ती शेवटच्या प्रतीत. मिरवणुकीनंतर त्याच कागदावर काय पाळलं, काय नाही, याच्या खुणा कराव्यात आणि तो कागद पुढच्या वर्षीच्या बैठकीत पहिल्यांदा टेबलावर ठेवावा.