बोहारणीला द्यायच्या आधी ते बोचकं सोडा

गोधडी शिवते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न टाक्यांचा असतो. टाके किती बारीक घालायचे, कोपरा कसा वळवायचा, मशीनवर मारली तर चालेल का. अहो, धावदोराच तो, चार संध्याकाळी बसलात की हात बसतो. त्याच्या आधीचं काम जे आहे, म्हणजे कुठलं कापड घ्यायचं, कुठलं बाजूला टाकायचं आणि घेतलं त्याला कसं तयार करायचं, त्यावर कोणी धड बोलत नाही. म्हणून आज मी बोलणारे, पोस्ट लांबली तर लांबली.

माझं एक मत आता पक्कं झालंय, गोधडीत कापडांचं वय जुळलं पाहिजे. रंग नंतर बघू. वीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणि कालपरवा दुकानातून आणलेलं कडक पॉपलिन शेजारी शेजारी जोडलं, की नवं कापड ओढून धरतं आणि जुनं टाक्याच्या ओळीवर फाटतं, अगदी टाक्याला लागूनच, कारण तिथे सुईने आधीच भोकं पाडलेली असतात. मग लोक म्हणतात दोरा वाईट होता. दोरा तसाच शाबूत असतो हो, कापड गेलेलं असतं. वजनाचंही तेच, जाड चादरीचा तुकडा आणि मलमल एकमेकांना लागून नकोत.

पूर्वीच्या बायकांना हे गणित मांडावं लागलं नाही कारण सगळं कापड एकाच घरातलं, एकाच वापरातलं असायचं. नऊवारी लुगडं तर जणू गोधडीसाठीच विणलेलं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, चार पदरी घडी घातली की लांबी दोन मीटरच्या जरा वर, रुंदी लुगड्याची असते तीच. एका माणसाची गोधडी आतल्या भरणासकट तयार, कात्री न लावता! सहावारी साडी साडेपाच मीटरची, तिची तीन पदरी घडी होते, म्हणजे उंच माणसाचे पाय थोडे बाहेर. आमच्याकडे सासूबाई गोधडीला वाकळच म्हणतात, आणि त्यांच्या मते लुगडं कापून तुकडे जोडणं ही शहरातली हौस आहे. असेल. मला तुकडे आवडतात.

तर बोचकं सोडायचं आणि ढीग करायचे. पहिली छाननी उजेडाची. कापड खिडकीत धरायचं, जिथे आरपार दिसतं तिथे ते विरलंय. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ताणायचं, आधी उभं मग आडवं. चर्र झालं तर तो भाग वरच्या बाजूला वापरायचा नाही, आत भरण म्हणून घाला, आत त्याला घासणी लागत नाही. साडीचा पायाकडचा काठ आणि निऱ्यांचा भाग आधी जातो, पदर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चादरीची उलट गंमत, मधोमध विरते आणि कडेचे दोन पट्टे नव्यासारखे राहतात, ते अस्तराला सोन्यासारखे. शर्टात पाठ हा सगळ्यात चांगला तुकडा, कॉलर-कफ-बटणपट्टीच्या नादी लागू नका, बटणं मात्र काढून डब्यात टाका. साडीचा फॉल न विसरता उसवायचा, तो वेगळ्या कापडाचा असतो आणि साडीसारखा आटत नाही.

दुसरी छाननी म्हणजे सुती आहे की नाही. हल्ली हात लावून कळत नाही, विशेषतः खण. पूर्वीचा खण वेगळा, आत्ता बाजारात खण म्हणून जे मीटरवर मिळतं त्यातलं बरंचसं पॉलिस्टरमिश्रित असतं, दिसायला झकास पण अंगावर घेतल्यावर घाम टिपत नाही. शंका असेल तर कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चुरगळली की भुगा होतो. पॉलिस्टर आगीपासून आक्रसतं, वितळतं आणि गार झालं की कडक काळा मणी राहतो. दोन्ही झालं तर मिक्स. टेरिकॉटच्या पँटी, शाळेचे युनिफॉर्म, शिफॉन, सगळं या परीक्षेत बाहेर जातं. जीन्स सुती असते पण ती हाताने शिवून दाखवा मला.

सिल्कवरून आमच्याकडे भांडण आहे. मोठ्या जावेला तिच्या आईची रेशमी साडी गोधडीत घालून हवीये. भावना कळते मला, पण जुनं रेशीम घडीवर तुटतं, जर टोचते, आणि गोधडी ही शेवटी बादलीत बुडवून धुवायची वस्तू आहे. त्या साडीची उशी कर, भिंतीवर लाव, पांघरायला नको. अजून पटलेलं नाही तिला.

आता धुणं. सगळं कापड, जुनं असो नवं असो, कापायच्या आधी धुवायचंच. नव्या सुती कापडात खळ असते, ती निघाली की ते दुकानात दिसलं होतं त्यापेक्षा बरंच विरळ निघतं, आणि ते आटतं, मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज. न धुता अस्तर लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरची बाजू फुगून बसते. म्हणून मी नवं कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून परत धुते. दोन-तीनदा केलं की जुन्याच्या जरा जवळ येतं.

रंग जाणं हा वेगळा विषय. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासायचा, रुमालाला रंग लागला तर त्या कापडाला वेगळी बादली. लाल, मरून, निळीतलं गडद निळं, काळं, हे नेहमीचे संशयित. आणि कृपया मिठाचं सांगू नका, मला दर वेळी कोणीतरी काकू सांगतातच की मूठभर मीठ टाक, रंग पक्का होतो. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, तेव्हा ते रंगाला धाग्याकडे ढकलतं. तयार कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तुरटीही तशीच, ती वनस्पतीच्या रंगांना लागते आणि रंगवण्याच्या वेळी लागते. आपल्या हातात एकच, गरम पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार-पाच पाण्यांनंतरही लाल येतंय तर त्या कापडाला नमस्कार करा आणि त्याचं पायपुसणं करा.

धुतलेलं कापड किंचित ओलसर असताना इस्त्री करा, म्हणजे धागा सरळ बसतो. किनार कापून टाका, ती घट्ट विणलेली असते आणि बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते. साडीचा शोभेचा काठ ठेवायचा असेल तर तो संपूर्ण पट्टी म्हणून ठेवा, चौकोनात अर्धा घेऊ नका. तुकडा कापताना उभा धागा बघायचा. उभा कमी ताणतो, आडवा थोडा जास्त, आणि तिरका म्हणजे उरेब कापलात तर तो तुकडा शिवता शिवताच वाकडा होतो. मी सगळ्या तुकड्यांचा उभा धागा गोधडीच्या लांबीला ठेवते. डिझाईन उलटं पडलं तरी पडू दे.

घरात पुरेसं जुनं कापड नसेल तर? मैत्रिणींना विचारा. बोहारणीला दोन साड्या देऊन एक पातेलं घेण्यापेक्षा त्या तुम्हाला देतील. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सुती चादरी कधी मिळतात, पण भरदुपारी नका जाऊ आणि तिथलं सगळं घरी आणल्या आणल्या उकळत्या पाण्यात टाका. नवंच घ्यायचं तर रविवार पेठेत कापडगंजात कटपीस बघा, लक्ष्मी रोडच्या शोरूममध्ये गोधडीसाठी कापड घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. अस्तराला मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड, स्वस्त पडतं पण त्यात खळ भरपूर आणि आटतंही दाबून, म्हणून हिशोबापेक्षा अर्धा मीटर जास्तच घ्या.

आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. पावसाळ्यात पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत एवढं कापड वाळत नाही, कुबट वास बसला की परत धुवा, परत वाळत घाला. अस्तर मात्र वरच्या बाजूपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं कापा, शिवताना ते आत सरकत जातं.