पाठीवर पान असलेली नोट

अमेरिकेत ब्रिटिश वसाहती होत्या तेव्हाची पेनसिल्व्हेनियाची नोट हाती आली, की मी आधी ती उलटून बघतो. दर्शनी बाजूला मानचिन्ह, रक्कम, सह्या, सगळं सरकारी. मागे मात्र झाडाचं एक पान, शिरान्‌शिरा दिसणारं. ही मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनची करामत. १७३०च्या दशकात त्याने खऱ्या पानाचा साचा घेऊन शिशाच्या मिश्रधातूत ठसा ओतायची युक्ती काढली. पानाच्या शिरा कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक. त्या हाताने हुबेहूब कोरायच्या म्हणजे नकली नोटा पाडणाऱ्याच्या नाकी नऊ. एवढं करूनही विश्वास नव्हताच, म्हणून त्याच बाजूला ठणकावलेलं असायचं: नक्कल कराल तर मृत्युदंड! पैशावर एवढी उघड धमकी आता कोणी छापत नाही, याची मला जरा हळहळच वाटते.

मुळात वसाहतींत कागदी नोटा निघाल्या त्या नाइलाजाने. १६९० मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे सैनिक क्यूबेकच्या मोहिमेवरून हात हलवत परतले. पगाराला चांदी नव्हती, म्हणून सरकारने कागद टेकवला. इतर वसाहतींनीही पुढे तोच मार्ग धरला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या सामाईक प्रतिनिधी सभेने, स्वतःच्या ‘कॉन्टिनेंटल’ नोटा एवढ्या छापल्या, वर इंग्रजांनी नकली नोटा सोडून अशी भर घातली, की १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा हा हिशेब काँग्रेसलाच मान्य करावा लागला.

आज यातल्या कोऱ्या करकरीत नोटेसाठी संग्राहक वाटेल ते मोजतात. सही करणाऱ्यांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला कोणी निघाला, तर बघायलाच नको. न्यू जर्सीच्या नोटांवर जॉन हार्टची सही सापडते, ती अशीच. मला मात्र शिवलेली नोट आवडते. घडीवर फाटलेली, मग कोणीतरी सुई-दोरा घेऊन टाके घातलेली. टाके वाकडेतिकडे, एके ठिकाणी दोरा आकड्यातूनच गेलेला. शिवणाऱ्याला सौंदर्याशी काय देणंघेणं? नोट उद्या बाजारात खपली पाहिजे, बस्स.

विक्रेते ‘दुरुस्त केलेली आहे’ म्हणून अशा नोटेची किंमत उतरवतात. मीही तोंड पाडून ‘हो ना, टाके फारच दिसतात’ म्हणतो आणि गुपचूप पाकीट काढतो.